सायकलीचे किलोमीटर आणि जंगलाचे देणे

नागपूरच्या नळांना येणारे बरेचसे पाणी पेंच नदीचे आहे. ही नदी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून वाहत येते, तोतलाडोहच्या धरणात अडते, पुढे नवेगाव खैरीला पुन्हा अडवली जाते आणि तेथून तिचे पाणी शहराकडे वळवले जाते. हिवाळ्यातल्या सकाळी झिरो माइलपासून सायकल काढून कामठी, कन्हान, मनसर, पवनी अशी गावे मागे टाकत पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी येथील प्रवेशद्वाराकडे निघालेला माणूस सुमारे ७० किलोमीटर या पाण्याच्या उलट दिशेने जात असतो. घरी तोटी फिरवली की जे मिळते ते किती लांबून येते, हे मोटारीत बसून कळत नाही, पायांना कळते. मी नागपुरातल्या एका शाळेत शिकवतो, दर हिवाळ्यात एकदा तरी हा रस्ता सायकलने करतो आणि अलीकडे एखाद्या सत्कार्याचा फलक लावून निघालेले सायकलस्वारांचे जथे वाटेत अधिकाधिक भेटू लागलेले पाहतो. त्यांच्याविषयी माझे मत मांडण्याआधी एक शब्द तपासून घेतला पाहिजे. मराठीत 'देणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपल्या हाताने कोणाला काही देणे हा एक, आणि आपल्याकडून कोणाचे तरी फेडायचे राहून गेलेले हा दुसरा. मुलांना निसर्गात नेणाऱ्या उपक्रमांसाठी लांब पल्ल्याची सायकल चालवून निधी उभारणे हे सर्रास पहिल्या अर्थाने घेतले जाते. माझे म्हणणे असे की ते दुसऱ्या अर्थाने घेतले पाहिजे, आणि तसे घेतले की अशा सायकल यात्रेचे स्वरूप, तिचा हिशेब आणि तीत सायकलस्वाराने उचलायचा वाटा हे सगळेच बदलते.

ज्या कामासाठी पैसा उभा करायचा ते काम तेवढ्या मोलाचे आहे का, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. नागपूर स्वतःला अभिमानाने व्याघ्र राजधानी म्हणवते. पेंच, ताडोबा-अंधारी, बोर, नवेगाव-नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला ही सगळी जंगले येथून काही तासांच्या अंतरावर आहेत, आणि दूरदूरचे पर्यटक नागपूरच्या विमानतळावर उतरून शहराकडे न पाहता थेट सफारीला जातात. याच शहरातल्या मुलांचे काय? दरवर्षी जूनमध्ये मी नव्या वर्गाला विचारतो की जंगल कोणी पाहिले आहे, तेव्हा पन्नासांतले तीन-चार हात वर येतात, आणि त्यांतलेही एक-दोघे मामाच्या गावच्या झुडपी जंगलाविषयी बोलत असतात. त्या मुलांचा दोष नाही. सफारीच्या जिप्सीचे भाडे, प्रवेश शुल्क, गाईडचे शुल्क आणि तेथवर जाण्यायेण्याचा खर्च एवढे सगळे एका दिवसासाठी मोजणे रोजंदारीवर चालणाऱ्या घराला शक्य नसते.

जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्प हे भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' ठरले, म्हणजे रात्रीचे आकाश कृत्रिम उजेडापासून जपणारे क्षेत्र म्हणून त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यानंतरच्या हिवाळ्यात, कार्तिकी अमावास्येच्या आसपास, आमच्या सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही सिल्लारीजवळ एक रात्र राहिलो. जेवणे झाल्यावर दिवे मालवले आणि मुलांना मोकळ्या मैदानात नेऊन सतरंज्यांवर आडवे केले. पहिली पाच मिनिटे खुसूखुसू हसण्यात गेली. मग हळूहळू आवाज बंद होत गेले आणि ज्याचे वडील इतवारीत हमाली करतात असा एक मुलगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, तो ढग हालून काऊन नाही राहिला?" तो आकाशगंगेचा पट्टा होता. बारा वर्षांच्या त्या मुलाच्या डोक्यावर ती रोज रात्री होती आणि त्याने ती कधी पाहिली नव्हती. मग आम्ही कृत्तिका मोजल्या. शाळेच्या गच्चीवरून चार दिसत होत्या, येथे बहुतेकांना सहा दिसल्या, काहींना सात, आणि एक मुलगी नवावर ठाम राहिली. परत आल्यावर आठवड्याभराने त्या मुलाने वहीच्या मागच्या पानावर एक आकडा लिहून आणला. त्याच्या गल्लीत रात्रभर विनाकारण जळणारे दिवे त्याने मोजले होते: ११. ते मोजायला त्याला कोणी सांगितले नव्हते.

त्या सहलीला वर्गातली पाच मुले आली नाहीत. शालेय सहलींसाठी एसटी भाड्यात निम्मी सवलत देते, शाळेने थोडा भार उचलला, आम्ही शिक्षकांनीही काही घातले, तरी प्रत्येक मुलामागे काही शे रुपयांची वर्गणी उरलीच. त्या पाच घरांनी आजार, पाहुणे, घरचे काम अशी पाच निरनिराळी कारणे सांगितली. खरे कारण त्यांनाही माहीत होते आणि आम्हालाही. या लेखात मी ज्या निधीविषयी बोलतो आहे तो या पाच मुलांचा आहे.

पर्यावरण शिक्षण ही कोणा हौशी शिक्षकाची कल्पना नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच ते शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर देण्याविषयी निर्देश दिले आणि पुढे २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा पाठपुरावा केला. परिणाम असा झाला की पर्यावरण हा विषय पुस्तकात आला, परीक्षेत आला, प्रकल्पवहीत आला आणि बहुतेक ठिकाणी तेथेच थांबला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना शिक्षणाची तरतूद आहे. पण दप्तर घरी ठेवले म्हणून बस दाराशी येऊन उभी राहत नाही. मोकळ्यावर घालवलेल्या वेळाचा उपयोग केवळ भावनिक असतो, असेही कोणी समजू नये. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटे जास्तीची बाहेर काढून तीन वर्षे अभ्यास केला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. जास्त वेळ बाहेर राहिलेल्या गटात ३०.४ टक्के मुलांना फक्त जवळचे नीट दिसण्याचा, म्हणजे लांबचे अंधूक होण्याचा दोष जडला, तर दुसऱ्या गटात ३९.५ टक्के मुलांना. तैवानने तर २०१० पासून मुलांनी रोज दोन तास बाहेर असावे यासाठी शाळांमधून कार्यक्रमच आखला. आमच्या वर्गात दरवर्षी चष्म्यांची संख्या वाढते तेव्हा मला हे आकडे आठवतात.

मला त्याहूनही मोठे वाटणारे कारण निराळे आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठच्या वस्त्यांतल्या घरांमध्ये शिरली. त्यानंतर वर्गात बोलताना लक्षात आले की ज्या नदीवरून आपल्या शहराला नाव मिळाले तिला बहुतेक मुले 'नाला' म्हणतात, आणि नाल्याला पूर येतो तो का, तलावाचा सांडवा म्हणजे काय, पाण्याला पसरायला जागा का लागते, यांतले काही त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही. उद्या हीच मुले या शहरात घरे बांधणार आहेत, मते देणार आहेत, कदाचित नगरसेवक होणार आहेत. अंबाझरीच्या काठचे गवत, गोरेवाड्याचा तलाव, सेमिनरी हिल्सची झाडी आणि पेंचचे सागवान या सगळ्यांशी त्यांची पायी ओळख होणे ही शहराच्या सुरक्षिततेची बाब आहे असे मी मानतो.

आता सायकलीकडे वळतो. पैसाच हवा असेल तर सरळ मागावा, सिल्लारीला जाऊन-येऊन १४० किलोमीटर सायकल दामटण्याचा खटाटोप कशाला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सायकल चालवल्याने जंगलातल्या एकाही झाडाला पान फुटत नाही. पण मागणाऱ्याला मागण्यासाठी निमित्त लागते आणि देणाऱ्याला देण्यासाठी. पंढरीची वाट पायी चालणाऱ्या वारकऱ्याला वाटेवरचे गाव भाकर-पिठले देते ते तो उपाशी आहे म्हणून नव्हे. जे आपल्याने होत नाही ते तो करतो आहे, त्यात आपला घास असावा, या भावनेने देते. कष्ट आणि दान यांची ही गाठ आपल्याकडे जुनी आहे. बाबा आमटे यांनी १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' अभियान काढले तेव्हा त्यांच्यासोबतची तरुण मुलेमुली सायकलींवर होती. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरच्या वरोऱ्याजवळ आनंदवन उभे करणाऱ्या त्या माणसाला मणक्याच्या दुखण्यामुळे धड बसताही येत नव्हते. त्या यात्रेतून काय पोहोचले हे पैशांत मोजता येणार नाही, पण सायकल हे आपल्याकडे लोकांपर्यंत पोहोचण्याचे साधन राहिले आहे, एवढे त्यावरून दिसते.

पल्ला लांबच का, याचेही उत्तर आहे. रविवारी सकाळी फुटाळा तलावाभोवती दोन फेऱ्या मारून छायाचित्र काढले तर कोणी काही विचारत नाही. १४० किलोमीटर म्हटले की शेजारी थांबतो आणि 'एवढे कशासाठी?' असे विचारतो. मला हवे असलेले संभाषण तेथून सुरू होते. समजा ४० सायकलस्वार निघाले, प्रत्येकाने ५० ओळखीच्या माणसांना गाठले आणि प्रत्येकाकडून किलोमीटरमागे १ रुपया घेतला, तर १४० किलोमीटरांचे २ लाख ८० हजार रुपये जमतात. ही रक्कम एखादा प्रायोजक एका धनादेशात देऊ शकतो, हे मला मान्य आहे. मात्र त्याच्याकडून २ लाख ८० हजार रुपयेच मिळतील. २,००० घरांतून ती आली तर २,००० घरांत पेंचच्या पाण्याचा आणि त्या पाच मुलांचा विषय एकदा तरी निघालेला असेल. हे मला पैशांइतकेच मोलाचे वाटते.

नागपुरात लांब पल्ल्याच्या सायकलिंगविषयी आदर आहे. येथले डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस ॲक्रॉस अमेरिका' एकट्याने, ठरलेल्या बारा दिवसांच्या आत पूर्ण केली, तेव्हा या शहरातल्या कित्येकांना सायकल हे काय प्रकरण आहे ते पहिल्यांदा कळले. पण माझ्या डोळ्यांसमोरचा नमुना शर्यतीचा नाही, ब्रेव्हेचा आहे. पॅरिसच्या एका सायकल क्लबने घालून दिलेल्या आणि आता आपल्याकडेही रुळलेल्या या प्रकारात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे असतात. पहिला-दुसरा असा क्रमांक नसतो. सायकलस्वाराच्या खिशात एक कार्ड असते, वाटेतल्या प्रत्येक तपासणी ठिकाणी त्यावर वेळ टाकून शिक्का किंवा सही घ्यावी लागते, आणि ज्या टप्प्याचा शिक्का नाही तो टप्पा तुम्ही कितीही घाम गाळून पार केला असला तरी धरला जात नाही. दोन ठिकाणांच्या मधे मागून येणाऱ्या गाडीची मदत घेता येत नाही. पंक्चर आपले आपण काढायचे, पाणी आपले आपण मिळवायचे, आपला भार आपण वाहायचा.

समाजकार्यासाठी निघणाऱ्या सायकल यात्रांनी या दोन नियमांचा स्वीकार करावा, असे मला तळमळीने वाटते, कारण त्यांच्या अभावी काय होते ते मी अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी पर्यावरण संवर्धनाच्या नावाने निघालेल्या १०० किलोमीटरच्या एका राइडमध्ये मी नाव नोंदवले. आयोजकांचे नाव घेण्यात मला स्वारस्य नाही. शुल्क दीड हजार रुपये होते. त्यात एक टी-शर्ट, एक जाड पदक, छापील प्रमाणपत्र, मंचावरचा ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांचे पुष्पगुच्छ आले. दर पंधरा किलोमीटरवर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या हातात दिल्या जात होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी, अर्ध्या भरलेल्या, पुढच्या शेतांच्या धुऱ्यावर पडलेल्या मी परतताना पाहिल्या. महिनाभराने मी पत्र लिहून विचारले की जमलेल्या पैशांतून नेमक्या कोणत्या कामाला किती रक्कम गेली. उत्तरादाखल वृक्षारोपणाचे एक छायाचित्र आले. त्यात सहा मान्यवर होते आणि एक रोपटे होते. त्यानंतर ओळखीच्या माणसाकडे वर्गणी मागायला जाताना माझी जीभ अडखळू लागली, आणि या प्रकाराने केलेले सर्वांत मोठे नुकसान मी तेच मानतो. खोट्या हिशेबाने बुडालेले पैसे एखादे वेळी परत मिळतात, पण गेलेला विश्वास पुढच्या प्रामाणिक माणसालाही मिळत नाही.

म्हणून पहिला नियम असा असावा की सायकलस्वाराचा खर्च सायकलस्वाराने करावा. टी-शर्ट हवा असेल तर त्याने विकत घ्यावा, राहण्या-जेवणाचे पैसे त्याने भरावेत, पदक नसले तर उत्तमच. लोकांनी दिलेला रुपया पूर्णच्या पूर्ण मुलांच्या कार्यक्रमाला जावा. हे अशक्य नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० पासून दरवर्षी निघणाऱ्या 'पॅन-मास चॅलेंज' या सायकल यात्रेत स्वारांनी लोकांकडून जमवलेले सगळे पैसे डेना-फार्बर या कर्करोग संस्थेला जातात, आणि यात्रेचा खर्च नोंदणी शुल्कातून व प्रायोजकांकडून भागवला जातो. आजवर त्या यात्रेने एक अब्ज डॉलरहून अधिक निधी दिला आहे. तेथील समाज, तेथील श्रीमंती, तेथील रस्ते वेगळे आहेत हे मला कळते. पण दात्याचा पैसा आणि आयोजनाचा खर्च यांच्यामध्ये भिंत घालायला श्रीमंती लागत नाही, इच्छा लागते. आपल्याकडच्या कायद्याचा कलही याच बाजूला आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीविषयी केंद्र सरकारने जून २०१४ मध्ये काढलेल्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले होते की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात अशा एकवेळच्या कार्यक्रमांवरचा खर्च या दायित्वात धरला जाणार नाही. पर्यावरण आणि वन्यजीव संरक्षण मात्र कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्टपणे समाविष्ट आहे. एखाद्या कंपनीला मदत करायचीच असेल तर तिने बॅनरवर नाव झळकवण्यापेक्षा वर्षभर चालणाऱ्या कार्यक्रमाचा एखादा भाग उचलावा.

दुसरा नियम कार्डाचा. प्रत्येक सायकलस्वाराच्या ब्रेव्हे कार्डासारखेच एक कार्ड जमलेल्या पैशांचे असावे. एवढे रुपये जमले, अमुक तारखेला अमुक शाळेच्या अमुक वर्गाची बस निघाली, गाईडला एवढे मानधन दिले, एवढी मुले होती, शिल्लक एवढी. आणि प्रत्येक टप्प्यासमोर त्या शाळेच्या मुख्याध्यापकांची सही व शिक्का. ज्या टप्प्याचा शिक्का नाही तो टप्पा झालाच नाही, असे समजावे. ते कार्ड वर्षअखेरीस प्रत्येक दात्याच्या हाती पडले पाहिजे. १४० रुपये देणाऱ्या किराणा दुकानदारालाही. शिवाय पैसा गोळा करणारा गट जर नोंदणीकृत न्यास नसेल, तर त्याने गणेश मंडळे घेतात तशी धर्मादाय आयुक्तांकडून रीतसर परवानगी घेतली पाहिजे, किंवा एखाद्या विश्वासार्ह नोंदणीकृत संस्थेच्या पावतीपुस्तकावरच पैसे घेतले पाहिजेत. एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर मोबाइलने वर्गणी मागवणे सोयीचे असले तरी चुकीचे आहे.

हे पैसे खर्च कशावर करावेत, यावर मतभेद होतील याची मला जाणीव आहे, पण येथे मी ठाम आहे. एकदाच, एक दिवस, शंभर मुले, चार बसगाड्या आणि वाघ दिसला का या एकाच प्रश्नाभोवती फिरणारी सहल मला नको आहे. अशी सहल मुलाला पर्यटक बनवते. त्यापेक्षा तीसच मुले घ्यावीत, पण तीच मुले वर्षातून चार वेळा न्यावीत. ऑगस्टमध्ये गोरेवाड्याला, पावसात कुजणाऱ्या पानांखाली काय चालले आहे ते पाहायला. नोव्हेंबरात पेंचला, आकाशासाठी. फेब्रुवारीत पानगळीत, जेव्हा सागाच्या वाळक्या पानांवरून साळिंदर गेले तरी आवाज होतो आणि पळस पेटू लागतो. आणि मार्च-एप्रिलात पहाटे, मोहाची फुले टपटपत असताना, ती वेचणाऱ्या बायकांसोबत तासभर बसायला. त्या वेळी टोपली भरली की हाताला जो गोडसर, उग्र वास राहतो तो मुलांनी घरी आईला हुंगायला द्यावा. एकाच झाडाकडे चारदा गेलेल्या मुलाला ते झाड आपले वाटू लागते. हे मी वर्गात पाहिलेले आहे, पुस्तकात वाचलेले नाही.

आणि या कामासाठी माणसे जंगलाकाठच्या गावांतलीच घ्यावीत. पेंचच्या प्रवेशद्वारांवर काम करणारे गोंड व इतर समाजांतले तरुण गाईड माग ओळखतात, सांबराच्या हाकेचा अर्थ जाणतात, ऐन आणि धावडा सालीवरून वेगळा करतात. पण १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात जंगलाच्या गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते आणि त्यांच्या कमाईला खीळ बसते. नेमक्या त्याच तीन महिन्यांत शाळा सुरू झालेल्या असतात. सायकल यात्रेतून जमलेल्या निधीतून या तरुणांना पावसाळ्यात मानधनावर नागपुरात बोलवावे, त्यांनी आठवड्यातले दोन दिवस महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांच्या मुलांना अंबाझरी-गोरेवाड्यात फिरवावे. पाण्याचे देणे फेडायचे तर ते ज्या गावांच्या शेजारून पाणी येते त्या गावांतल्या हातांत काही प्रमाणात तरी पडले पाहिजे. माझ्या मते या सगळ्या योजनेतला सर्वांत न्याय्य भाग हाच आहे.

हे काम सरकारचे आहे, नागरिकांनी सायकली चालवून ते का करावे, असा प्रश्न माझ्या सहकाऱ्यांनीच मला विचारला. प्रश्न रास्त आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली, प्रवेश शुल्काचा पैसा तेथल्या तेथे वापरण्याची मुभा त्या प्रतिष्ठानाला मिळाली, आणि त्याच्या उद्दिष्टांमध्ये पर्यावरण शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे सफारीला येणारा पर्यटक जे शुल्क भरतो त्यात नागपूरच्या मुलांचा थोडा वाटा कायद्यानेच मानलेला आहे. तो मागितला पाहिजे. महापालिकेकडे 'आपली बस' आहे, शिक्षण विभाग आहे. तेथेही मागितले पाहिजे. सायकलस्वारांच्या निधीने शासनाची जबाबदारी झाकली जात असेल तर असा निधी न उभारलेला बरा. परंतु दोन-तीन वर्षे तीस मुलांचा कार्यक्रम नीट चालवून दाखवला, खर्चाचा प्रत्येक शिक्का दाखवला, की मागणीला जे वजन येते ते नुसत्या निवेदनाला येत नाही. मुलांचे बालपण तर प्रस्तावाच्या फायलीसाठी थांबत नाही. आज सातवीत असलेला मुलगा तीन वर्षांनी दहावीच्या शिकवणीत अडकलेला असतो.

महागड्या सायकलींविषयीचा आक्षेप मला जास्त लागतो. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा कामगार रोज जाऊन-येऊन तीस किलोमीटर जुन्या काळ्या सायकलीवर काढतो आणि त्याला कोणी हार घालत नाही. लाखाची सायकल घेतलेला माणूस वर्षातून एकदा पेंचला जातो आणि त्याची बातमी येते. यात अन्याय आहे. त्यावर उपाय एवढाच की सायकल यात्रेत सायकलीची अट नसावी, वेळेची मर्यादा सैल असावी, सिल्लारीला एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतायचे असावे, आणि शुल्क न भरू शकणाऱ्यांचा खर्च बाकीच्यांनी वाटून घ्यावा. शाळेसाठी मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळालेल्या मागास तालुक्यांतल्या मुली आहेत. त्यांतल्या काहींनी शेवटचे दहा किलोमीटर या यात्रेत सोबत यावे, अशी माझी फार इच्छा आहे. ज्या रस्त्याने त्या रोज शाळेत जातात तो रस्ता त्यांच्याइतका आपल्याला ठाऊक नाही.

रस्त्याच्या धोक्याविषयी मात्र एकही तडजोड नको. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर दिवसरात्र जड वाहने धावतात. उजाडल्याशिवाय निघू नये, अंधार पडण्याआधी सिल्लारीला पोहोचावे, शिरस्त्राण आणि परावर्तक पट्टे सक्तीचे असावेत, आणि दहा-दहाच्या गटाने एका ओळीत चालावे. वेळ गाठण्याच्या हट्टाने कोणी ट्रकच्या बगलेतून घुसणार असेल तर त्याचे कार्ड तेथेच काढून घ्यावे. याच महामार्गाच्या मनसर ते खवासा या टप्प्यात, अनेक वर्षांच्या न्यायालयीन वादानंतर, रस्ता उंच करून त्याखालून वन्यप्राण्यांसाठी मार्ग ठेवण्यात आले, आणि त्या मार्गांनी वाघ ये-जा करीत असल्याची कॅमेऱ्यांनी टिपलेली छायाचित्रे उपलब्ध आहेत. सायकलस्वारांनी तेथे दहा मिनिटे थांबावे, आणि वर्गणी देणाऱ्या प्रत्येक घराला ही गोष्ट सांगावी: वाटेवरचा हक्क मागितला, त्यासाठी भांडले गेले, तेव्हाच मिळाला.

येत्या कार्तिकात आम्ही काही शिक्षक आणि सायकलस्वार मिळून ही यात्रा लहान प्रमाणात करून पाहणार आहोत. जाताना जे कार्ड खिशात असेल त्यावर कामठी, मनसर, पवनी, सिल्लारी असे टप्पे असतील, पाठीमागच्या बाजूला पैशांचे रकाने असतील आणि शहरात परतल्यावरचा एक टप्पा आम्ही मुद्दाम जादा ठेवला आहे. महापालिकेच्या शिक्षण विभागात जाऊन, या मुलांच्या चार फेऱ्यांपैकी दोन फेऱ्यांना बस द्यावी अशा मागणीचे पत्र द्यायचे, आणि आवक विभागाचा शिक्का त्या कार्डाच्या शेवटच्या रकान्यात घ्यायचा.